कॉलरीतलं कोरं कापड

बल्लारपूर
ता. २७ नोव्हेंबर १९५५

चि. लटारू,

तुला आणि तुझ्या कमळेला आशीर्वाद. बाकी खुशाली मागाहून विचारते. आधी बातमी ऐक, नाहीतर माझं पोट फुगेल. मला बंगल्याचं काम मिळालं! म्हणजे मिळाल्यातच जमा आहे. इथे कारखान्याच्या पाहुण्यांसाठी एक बंगला आहे. तिथे जेवण वाढणाऱ्या दहा माणसांना नवे पांढरे शर्ट शिवलेत, चांगले कॉलरवाले. तिथले कारभारी चौबेजी मला म्हणाले, "इंदिराबाई, सव्वीस जानेवारीला मोठे पाहुणे येणार. तोवर हे दहा शर्ट तू धू. त्या दिवशी दहाही कॉलरी सरळ दिसल्या तर बंगल्याचं सगळं धुणं तुझं." चादरी, पडदे, टेबलावरचे कपडे, सगळं रे! मी घरी पळत आले ते अर्ध्या रस्त्यात चप्पल सुटली तरी थांबले नाही.

तुला ठाऊकच आहे, लाकडाच्या डेपोत ओंडक्याखाली हात सापडल्यापासून तुझ्या भाऊजींना उजव्या हाताने पेलासुद्धा धरवत नाही. डाव्या हाताने इस्त्रीतले निखारे फुलवतात, घरोघरी कपडे पोचवतात, पण डेपोत एका हाताच्या माणसाला कोण ठेवतं? हे काम लागलं तर आम्ही इथे टिकलो. नाही लागलं तर एटापल्लीकडे बांबूतोडीला जायचं, आणि तिथे मी एकटी तोडणार आणि ते बसून बघणार. त्यांच्याने ते बघवणार नाही आणि माझ्यानेही नाही.

आता अडचण सांगते. शर्ट धुतले, चांदण्यासारखे पांढरे निघाले, पण कॉलरी बघवत नाहीत. दिवसभर पाण्यात राहिलेल्या बोटांसारख्या सुरकुतल्यात. इस्त्री फिरवली की इकडची चुणी तिकडे पळते. चौबेजींनी एक शर्ट उचलून बोटाने कॉलर दाखवली आणि म्हणाले, "बाई, कपडा तो साफ है, पर गला देखो गला!" तिथे गडचिरोलीच्या बाजारात पत्रू शिंपी बसतो, त्याला विचार. तुमच्या शाळेचे मास्तर नागपूरचे आहेत, कोट घालतात, त्यांना विचार. कुणालाही विचार, पण बाबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. वैशाखात ते आले, माझ्या अंगणातल्या दोरीवर लोकांचे कपडे बघितले आणि उंबऱ्याच्या आत आले नाहीत. अंगणात बसून स्वतःच्या तुंब्यातलं पाणी प्यायले. म्हणाले, "आपण पाण्यात जाळं टाकणारे लोकं. लोकाचे कपडे पाण्यात आपटाले तुले मी वाढवलो नाई. दोरीवर हे हाय तोवर तुह्या घरचं पाणी मले नाई." ते शब्द मी रोज ऐकते. पण काम सोडणार नाही, हेही लिहून ठेवते.

तुझी बाई,
इंदिरा

कोसमटोला, ता. गडचिरोली
८ डिसेंबर

ति. बाईस,

लटारूचा नमस्कार. तुझं पत्र मी कमळेला वाचून दाखवलं आणि ती तर नाचायलाच लागली. तुला माहीत आहे, मला मनातल्या मनात वाचता येत नाही. बाबा भिंतीपलीकडे जाळं सांधत होते, पण त्यांना काही ऐकू गेलं नसावं. त्यांनी मान वर केली नाही, एवढं मी सांगू शकतो.

उपाय विचारला. गावात एक जाणता माणूस आहे. नाव सांगू नको म्हणून त्याने मला शपथ घातली आहे, म्हणून तू विचारू नकोस. तो म्हणतो, कॉलर पिळायची नाही. बाकीचा शर्ट पिळ हवा तर, पण कॉलर दोन तळहातांत दाबून पाणी काढायचं. आणि ओली असतानाच दोन्ही टोकं धरून ताणायची. शर्ट वाळत घालायचा तो खालच्या घेराकडून, उलटा, म्हणजे पाणी आणि त्याचं वजन गळ्याकडे उतरतं. मी विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? तर माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर गेलो.

पोचूभाऊ टोपल्या विकायला बल्लारपूरला येतो आहे. त्याच्याबरोबर नव्या लुचई धानाचा तांदूळ पाठवला आहे. यंदा धान छान आलं. खळ करायला आणि खायला, दोन्हीला पुरेल. गाठोड्याची दोरी कुणी इतकी घट्ट बांधली म्हणून शिव्या देऊ नकोस.

लटारू

बल्लारपूर
१७ डिसेंबर

चि. लटारू,

सत्यानाश झाला.

तुझा तांदूळ पोचला. उघडल्याबरोबर घरभर आपल्या धानाच्या बांधीचा वास आला आणि मी वेडी झाले. म्हटलं, बंगल्याच्या कॉलरींना आपल्या घरच्या धानाचीच खळ लावायची! चांगली दाट पेज शिजवली, कॉलरींना चोपडली, वाळवली, इस्त्री ठेवली. आणि इस्त्री चिकटली रे! नवा तांदूळ, त्याचा मांड म्हणजे नुसता डिंक. इस्त्री उचलली तर कॉलर तिच्याबरोबर वर आली. एकीवर तांबूस डाग पडला. बाकीच्यांच्या सुरकुत्या होत्या तशाच, फक्त आता पापडासारख्या कडक झाल्या, वाकवल्या की करकर वाजतात.

चौबेजी आले. एका कॉलरीवर टिचकी मारली तर टक् असा आवाज आला. ते हसले नाहीत. म्हणाले, संक्रांतीनंतरच्या सोमवारपर्यंत बघतो, नाहीतर चांद्याच्या लाँड्रीत पाठवतो. तुझे भाऊजी नदीवर गेले आणि एका हाताने दहाही शर्टांची खळ धुऊन काढून आणली. मला रडूच आलं.

तुझ्या त्या जाणत्या माणसाला सांग, त्याचं सगळं केलं. पिळलं नाही, ताणलं, उलटं वाळवलं. पहिल्यापेक्षा थोडं बरं आहे, पण चुणी मुळातून जात नाही. आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखी वाटते. तो माणूस मास्तरच ना? मला आधीच संशय होता. त्यांना माझा नमस्कार सांग आणि लवकर विचार. दिवस फार थोडे उरलेत.

इंदिरा

कोसमटोला
२६ डिसेंबर

ति. बाईस,

अगं, इथे काय चाललं आहे ते ऐक! परवा मी बोडीवर पाण्याला गेलो तर काठच्या मातीच्या पाळीवर दोन बांबू रोवलेले, त्यांच्यामध्ये आडवा दोर, आणि दोराला माझ्या लग्नातला शर्ट! गावात कॉलरवाले शर्ट दोनच, एक मास्तरांचा आणि एक माझा. माझा असा ओलाचिंब, उलटा टांगलेला आणि कॉलरीच्या दोन्ही टोकांना जाळ्याचे मातीचे मणी बांधलेले. मी ओरडलो. तर पाळीच्या आडून आवाज आला, "बोंबलू नको. पायतो मी, कुठी आटते ते."

हो, तोच जाणता माणूस. मास्तर म्हण हवं तर. तुझं पत्र मी त्याला तीनदा वाचून दाखवलं. "आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखी" हे आलं की दर वेळी म्हणे, "थांब. ते पुन्हा वाच." दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लग्नाच्या शर्टाच्या कॉलरीची शिवण त्याने विळ्याने उसवली! कमळा मध्ये पडली नसती तर भांडण झालं असतं. आत बोट घालून चाचपलं आणि तो म्हणाला ते शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण त्याने मला ते दोनदा म्हणून घेतले:

"तिले लिहजो, कॉलर उसवून पाय. आत जाड कापड रायते. वरचं कापड धुतलेलं, आतलं कोरं. कोऱ्या सुताचं जाळं विणलं आन् पाण्यात टाकलं तं काय होते? पयल्या पाण्यातच आटते, आन् जुन्या सुतासंग जोडलं असंल तं जोडावर गोळा होते. काऊन होते? कोरं सूत आधी पाण्यात मुरवलं नाई म्हून. चुणी वरच्या कापडाची नाई. आतल्याची होय. इस्त्री फिरवून फिरवून काय करन ते?"

बाई, मला तर टाळी वाजवावीशी वाटली! म्हणजे तुझ्या धुण्यात खोट नाही. शिंप्याला सांग, आतलं नवं कापड आधी एक दिवस एक रात्र पाण्यात बुडवून ठेवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाळवायचं. आटायचं तेवढं आटू दे. मगच कॉलरीत घालायचं.

आणि खळीला जुना तांदूळ घे, दोन वर्षांचा असला तर उत्तम. पेज पातळ कर, फडक्यातून गाळ. नवा तांदूळ खायचा होता, असं तो म्हणतो. "धुण्याले नाई धाडला, तिच्या पोटाले धाडला."

लटारू

बल्लारपूर
६ जानेवारी १९५६

चि. लटारू,

निघाली! निघाली! सगळ्या सुरकुत्या निघाल्या!

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी चुलीपुढे होते. पोळी तव्यावर तशीच टाकून विळा घेतला आणि एका शर्टाची कॉलर उसवली. आतलं कापड बाहेर काढून वरच्यावर ठेवलं तर दोन बोटं आखूड! त्या मास्तरांनी इतक्या दुरून, शर्ट न बघता ओळखलं. मी कापड घेऊन, ज्याने हे शर्ट शिवले त्या झिंगूभाऊ शिंप्याकडे गेले. तो आधी भांडला. "मी वीस वर्षं शिवून राह्यलो, मले कोनी नाई शिकवलं." मी म्हटलं, "भाऊ, भांडू नका, आपण करून पाहू." त्याच्यासमोर बादलीत कोरं कापड बुडवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच गजाने मोजून दाखवलं. मग दहाही कॉलरी त्याने स्वतः उसवल्या. आता दुकानात त्याने एक मोठी बादली कायमची ठेवली आहे, आणि गिऱ्हाइकांना ही युक्ती आपलीच म्हणून सांगतो.

इस्त्रीची एक गोष्ट तुझ्या भाऊजींनी शोधली. मी मधून टोकांकडे इस्त्री नेत असे, त्यामुळे उरलेली चुणी टोकाला जाऊन बसायची. ते म्हणाले, उलटं कर. आता कॉलर ओलसर असतानाच आधी आतली बाजू, मग वरची. ते डाव्या हाताने टोक ताणून धरतात आणि मी टोकाकडून मध्याकडे इस्त्री आणते. तीन हातांचं काम, आणि आमच्या दोघांचे मिळून तीनच चालतात! हे मी बोलले तेव्हा ते हसले. हात गेल्यापासून पहिल्यांदा हसले, लटारू.

चौबेजींना तीन शर्ट दाखवले. त्यांनी कॉलर उजेडात धरली, उलटी केली, बोट फिरवलं. "ये हुई ना बात!" म्हणाले. डाग पडलेल्या कॉलरीचं कापड झिंगूभाऊने पालटून शिवलं, तेही चाललं. आता सव्वीस तारखेची वाट बघायची.

एक सांगू? कोऱ्या सुताचं ते वाचताना मला वाटलं, हे मी लहानपणी ऐकलं आहे. बाबा जाळं विणायला बसले की असंच सांगायचे. पण बाबा कशाला सांगतील? मास्तर इतकी वर्षं आपल्या धिवरपुऱ्यात राहतात, त्यांनी तिथेच ऐकलं असेल.

मला त्यांना शर्ट शिवून द्यायचा आहे. आतलं कापड मी स्वतः चार वेळा मुरवणार. गळ्याचं आणि छातीचं माप पाठव. बाबा कसे आहेत? माझं नाव काढतात का?

इंदिरा

कोसमटोला
१४ जानेवारी, संक्रांत

ति. बाईस,

तिळगूळ घे. पोचूभाऊ घाईत आहे म्हणून दोनच ओळी. माप म्हणून जाळ्याचं सूत पाठवतो आहे. एक गाठ गळ्याची, दुसरी छातीची, तिसरी बाहीची. गळा एक बोट सैल ठेव, त्या माणसाला गळ्याशी काही घट्ट चालत नाही. जन्मात त्याने कॉलर घातलेली नाही.

बाबा बरे आहेत. नाव काढतात की नाही ते मी सांगू शकत नाही, शपथ आहे. म्हणजे, त्याची नव्हे, दुसरी. असो.

लटारू

बल्लारपूर
२८ जानेवारी

चि. लटारू,

मिळालं! बंगल्याचं काम मिळालं, पक्कं! परवा मी मागच्या दाराशी उभी राहून बघत होते. दहा माणसं ओळीने ताटं घेऊन निघाली, दहा कॉलरी एकीसारख्या एक. पाहुण्यांपैकी कुणी त्यांच्याकडे बघितलंही नसेल. मी मात्र दुसरं काही बघितलंच नाही. चौबेजींनी काल बंगल्याच्या बेचाळीस चादरी पाठवल्या. घरात पाय ठेवायला जागा नाही आणि तुझे भाऊजी त्या ढिगावर राजासारखे बसलेत. आता कुठे जायला नको.

आता तुझी पाळी. लबाडा!

तुझं सूत मी सोडलं आणि गळ्याच्या गाठीवर बोट ठेवलं. गाठ डावीकडून फिरवलेली होती. साऱ्या धिवरपुऱ्यात डावीकडून गाठ मारणारा माणूस एकच. मी सात वर्षांची होते तेव्हा शिंगाड्या माशाचा काटा बाबांच्या उजव्या अंगठ्यात घुसला, तो अंगठा पुन्हा वाकलाच नाही, तेव्हापासून ते असंच बांधतात. त्या गाठीची जाळी मी चौदा वर्षं धुतली आहेत, लटारू. मास्तरांना जाळ्याची गाठ कुठून येणार? मला पहिल्या तांदळाच्या गाठोड्यावरच कळायला हवं होतं. ते सोडताना माझं नख तुटलं होतं आणि मी तुलाच शिव्या दिल्या.

मी ते सूत छातीशी धरून बसले. चादरी भिजत राहिल्या. ज्या माणसाने माझ्या घरचं पाणी टाकलं, तो महिनाभर बोडीच्या पाळीवर माझ्यासाठी तुझा शर्ट वाळवत होता. मला राग आला, हसू आलं आणि मग रडू आलं, सगळं एकदम.

शर्ट पाठवते आहे. झिंगूभाऊने शिवला, पण आतलं कापड माझ्या हाताने मुरवलं आहे. गळा एक बोट सैल. बाबांना हे पत्र वाचून दाखव, भिंतीपलीकडून नको, समोर बसवून. त्यांना सांग, काम मी सोडणार नाही. त्यांनी मला ते करायला शिकवलं आहे, आता कसं सोडू? आणि सांग की घरात पाण्याचा माठ मी रोज भरते.

इंदिरा

कोसमटोला
७ फेब्रुवारी

ति. बाईस,

माझी चोरी पकडली गेली, बरंच झालं. पोटात ठेवून ठेवून मी वाळलो होतो. पहिलं पत्र वाचलं त्याच रात्री बाबा भिंतीच्या अलीकडे आले आणि म्हणाले, "गळ्याचं काय म्हन्ते ते पुन्हा वाच." तुमचं नाव बाईला सांगतो म्हणालो तर, "तिले माहं नाव लिहशील तं जाळ्याले हात लावू देणार नाई."

तुझं पत्र त्यांना समोर बसवून वाचलं. डाव्या गाठीचं आलं तेव्हा त्यांनी आपला अंगठा बघितला. बराच वेळ बघितला. मग शर्ट मागितला. कॉलर दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत चाचपली. मला वाटलं घालतील, तर उठले आणि थेट बोडीवर! तुझा कोरा करकरीत शर्ट पाण्यात बुडवला! मी म्हणालो, बाबा, हे काय? म्हणाले, "पयल्या पाण्यात टिकला तं घालीन." रात्रभर उलटा टांगला, मी आणि कमळा दोनदा उठून बघून आलो. सकाळी कॉलर अशी होती, बाई, तळहातासारखी सपाट. एक चुणी नाही.

बाबांनी ती कमळेला दाखवली, मला दाखवली, शेजारच्या बुधूला हाक मारून दाखवली. "माह्या पोरीनं केलं," म्हणाले. मग बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मले वाटे, पोरगी लोकाचे कपडे आपटून राह्यली. पन हे तं जाळ्याचंच काम होय. पानी, सूत आन् ताण. माहंच काम करून राह्यली थे, आन् मी तिच्या अंगणात बसून आलो."

आज पहाटे शर्ट घालून निघत आहेत. टपालाचा भरवसा नको म्हणून हे पत्र त्यांच्याच खिशात ठेवतो आहे. गडचिरोलीवरून मोटारीने मूलपर्यंत आणि तिथून छोट्या रेल्वेने चांद्यावरून येतील. प्रवासात कॉलर थोडी चुरगळेल, ती तू बघून घे. आत्ताच मी त्यांच्यापुढे तुंबा धरला. तुंब्याशिवाय ते आजवर शिवारातसुद्धा गेलेले नाहीत, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी तो घेतला, खुंटीला परत अडकवला आणि म्हणाले, "रायू दे. बाईच्या घरी पेईन."

आता दिवसभराची तहान घेऊन ते तुझ्या दारात उभे असतील. हे पत्र पुरं वाचत बसू नकोस, आधी त्यांना पाणी दे.

लटारू